ट्रॉलीत बसणारे आणि ट्रॅक्टरमागे चालणारे



4 एप्रिल 2025 रोजी सकाळी नांदेडजवळ आलेगाव शिवारात शेतमजुरांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला. हिंगोली जिल्ह्यातील गुंज गावच्या 7 महिला त्यात बुडून गेल्या. त्या दुसऱ्याच्या शेतात मजुरीला चालल्या होत्या. ट्रॅक्टर त्यांच्या मालकीचा नव्हता आणि चालवतही त्या नव्हत्या.

आपण ज्या पाड्यांत काम करतो, तेथील लोकांचा ट्रॅक्टरशी संबंध बहुधा असाच येतो. ट्रॅक्टर भाड्याचा, चालक बाहेरचा. आपली माणसे ट्रॉलीत बसतात, चाकावरच्या पत्र्यावर बसतात, मळणी यंत्रात कणसे लोटतात. यंत्राचे दोन शब्द कोणी समजावून सांगितलेच तर ते चालकाला सांगितलेले असतात. ह्यांना कोणी काही सांगत नाही.

प्रथम ट्रॉलीविषयी. ती माल वाहण्यासाठी आहे. तीत माणसे नेणे कायद्यालाही मान्य नाही. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, त्यामुळे उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलते. शिवाय ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे असतात. शेतात वळण घेताना ते सोयीचे असते, पण रस्त्यावर येताना दोन्ही पेडल जोडणारी पट्टी लावावीच लागते. ती लावायची राहिली आणि घाईत एकच पेडल दाबले गेले, तर ट्रॅक्टर जागच्या जागी गिरकी घेतो. ट्रॉलीत उभ्या असलेल्यांना धरायला काहीच नसते. चालकाला निघण्यापूर्वी “पट्टी लावली का, भाऊ?” एवढे विचारायला कोणी संकोचू नये.

येथे थोडे स्पष्ट लिहितो. आपल्या मेळाव्यांना आणि लग्नांनाही दूरच्या पाड्यांवरची मंडळी ट्रॉलीत दाटीवाटीने बसून येतात आणि आपण त्यांचे कौतुकाने स्वागत करतो. दोन जीपगाड्यांचे भाडे मंडळीने भरले, तर ते पैसे वाया गेले असे कोणी म्हणू नये.

दुसरा धोका लक्षात येत नाही, कारण तो एका जागी उभा असतो. मळणी यंत्राला किंवा रोटाव्हेटरला शक्ती पुरवणारा ट्रॅक्टरच्या मागचा दांडा, ज्याला चालक पीटीओ म्हणतात, मिनिटाला साधारण 540 फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला 9. मनगटाएवढ्या जाडीच्या दांड्यावर एका सेकंदात दीड मीटरहून अधिक कापड गुंडाळले जाते. पदर अडकला हे कळेपर्यंत बाई ओढली गेलेली असते; हाताने सोडवायला वेळच उरत नाही. दांड्यावर प्लॅस्टिकचे संरक्षक आवरण येते, पण ते एकदा फुटले की पुन्हा बसवत नाहीत. म्हणून मळणीला जाताना पदर कमरेला घट्ट खोचावा, ओढणी काढून ठेवावी, केस बांधावेत, आणि फिरत्या दांड्यावरून कधीही ओलांडून जाऊ नये. चार पावले जास्त पडली तरी वळसा घालावा. यंत्रात काही अडकले तर इंजिन बंद झाल्याशिवाय हात घालू नये.

पावसाळ्यात भाताच्या चिखलणीच्या वेळी आणखी एक प्रकार घडतो. मागची चाके चिखलात रुततात, चालक जोर लावतो आणि चाके फिरत नाहीत म्हणून ट्रॅक्टरचे तोंडच वर उचलले जाते. मागे उलटायला दीड-दोन सेकंद पुरतात. अशा वेळी पुढे जोर न लावता मागे घेऊन पाहावे, नाहीतर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढावे. चाकाला लाकूड बांधण्याची युक्ती अनेकांना ठाऊक आहे. ती जीवघेणी आहे. स्वीडनमध्ये 1959 पासून नव्या ट्रॅक्टरवर चालकाभोवती मजबूत लोखंडी चौकट सक्तीची झाली आणि उलटून होणारे मृत्यू पुढे फारच थोडे उरले. आपल्याकडे पुष्कळ ट्रॅक्टर अजून तिच्यावाचून चालतात.

चिखलणीच्या वेळी मुले खेकडे नि मासे वेचत ट्रॅक्टरमागे धावतात, किंवा हट्टाने पत्र्यावर बसतात. मूल कितीही रडले तरी त्याला वर घेऊ नये. ट्रॅक्टरवर जागा एकच, ती चालकाची. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती स्टिअरिंग देणाऱ्या मालकाला किंवा पालकाला 3 वर्षांपर्यंत कैद व 25,000 रुपये दंड होऊ शकतो, हेही पाड्यावर सांगून ठेवावे.

अपघात घडलाच तर आधी इंजिन बंद करावे, मग 108 ला फोन. दांड्यात अडकलेल्या माणसाला ओढून काढू नये. पोलिसांच्या भीतीने मदत थांबवू नये. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्यास 2019 च्या दुरुस्तीनंतर कायद्याचे संरक्षण आहे.

राहिला प्रश्न मागे उरलेल्या घराचा. राज्य सरकारच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून मृत्यूनंतर 2 लाख रुपये मिळतात, पण ते खातेदार शेतकऱ्याच्या कुटुंबाला. ज्या घरात सातबाराच नाही, ते घर रिकाम्या हाताने राहते. ट्रॅक्टरच्या विम्यातून ट्रॉलीतल्या माणसांची भरपाई मागायची, तर वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. अशा मजुरासाठी हाताशी असलेला उपाय म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना: वय 18 ते 70, बँकेत खाते, वर्षाला 20 रुपये आणि अपघाती मृत्यूस 2 लाखांचे संरक्षण. अडचण पैशांची नाही. अर्ज कोण भरून देणार, ही आहे. ह्या विम्याचे वर्ष 1 जूनला सुरू होते आणि 31 मे ला संपते. त्यामुळे मे महिन्यात, मजूर परगावाहून परतलेले असताना, आपल्यापैकी कोणी एक दिवस पाड्यावर बसून अर्ज भरून दिले आणि प्रत्येकाच्या खात्यात तेवढे 20 रुपये आहेत ना हे पाहिले, तर पेरणीपूर्वी पाड्यावरच्या घराघराला हे संरक्षण मिळेल.