पोताची पारख

जयसिंगपुराहून इचलकरंजी फार लांब नाही; तेथील मागावरून उतरलेले कापड पारखणारा जाणता माणूस रंगावर भाळत नाही, तर ते चिमटीत धरून, बोटांनी चोळून त्याचा पोत पाहतो आणि एकाच रंगाचे दोन तागे भिन्न जातीचे आहेत हे तत्काळ सांगतो. ध्रुवप्रदेशातील सागरी बर्फाची जात रडारचित्रांवरून ओळखू पाहणाऱ्या शास्त्रज्ञांनाही पोताचाच आश्रय घ्यावा लागला.

उपग्रहावरील रडार स्वतःच सूक्ष्मलहरी सोडते आणि परतलेला अंश मोजते. त्यामुळे ध्रुवावरील दीर्घ रात्रीची वा मेघांची त्याला आडकाठी होत नाही. नुकतेच गोठलेले गुळगुळीत बर्फ आरशाप्रमाणे लहरी दूर परतवते म्हणून काळे दिसते. ज्याने उन्हाळा पाहिला आहे, ज्यातील क्षार निथळून वरच्या थरात हवेचे बुडबुडे उरले आहेत, त्या जुन्या बर्फात लहरी आत शिरतात, विखुरतात आणि ते उजळ उमटते. परंतु वाऱ्याने खवळलेले मोकळे पाणीही तसेच उजळ दिसते, आणि केवळ छटेवर विसंबणारा तेथे फसतो.

१९७३ साली रॉबर्ट हॅरलिक, के. षण्मुगम आणि इत्झाक डिनस्टाइन यांनी या पेचावर उपयोगी पडणारी, चित्राचा पोत मोजण्याची रीत मांडली: अमुक छटेच्या ठिपक्याशेजारी, ठरावीक अंतरावर व दिशेस, तमुक छटेचा ठिपका किती वेळा येतो याचा तक्ता मांडावा आणि त्यावरून विषमता, एकसारखेपणा अशी १४ मापे काढावीत. एकमेकांवर चढून भंगलेल्या बर्फाचा तक्ता बहुधा वाऱ्याच्या पाण्याहून निराळा निघतो. मात्र हिशेबाची चौकट लहान घेतली तर रडारचित्रातील दाणेदार गोंधळच हाती येतो, आणि मोठी घेतली तर दोन जातींची हद्द पुसली जाते; खरे कसब आहे ते येथेच.

छटेचा हा दगा आमच्या शिरोळ तालुक्यालाही लागू आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेचे पाणी शिवारांत पसरले, तेव्हा ढगांखालचा प्रदेश दाखवण्याचे सामर्थ्य रडारपाशी होते. शांत उघडे पाणी रडारचित्रात काळे दिसते, पण साडेपाच सेंटिमीटर लांबीच्या रडारलहरी दाट उसाच्या पानांतच अडतात, आणि बुडखे पाण्यात असलेला फड चित्रात कोरडा भासू शकतो. ३० जुलै २०२५ रोजी झेपावलेल्या निसार या रडार-उपग्रहाची सुमारे २४ सेंटिमीटरची लहर पानांतून अधिक खोल उतरते. पुढच्या पुरात रयतेच्या पिकाचा पंचनामा होईल, तेव्हा तहसिलीच्या दप्तरात त्याशेजारी हे चित्रही असावे, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.