भर एप्रिलात कुंडलिकेला पाणी येतं कुठून?

एप्रिलमधली सकाळ. कोलाडजवळ कुंडलिकेच्या काठावर राफ्टिंगवाले बोटी फुगवून तयार बसलेले असतात. पात्रात दगड उघडे. ‘पाणी सुटलं का?’ असं जो तो विचारतोय. थोड्या वेळानं वरच्या अंगानं गार पाण्याचा लोंढा येतो, दगड बुडतात आणि बोटी निघतात. आभाळात ढगाचा ठिपकाही नसतो.

हे पाणी पावसाचंच, पण गेल्या वर्षीच्या आणि घाटमाथ्यावरच्या. पुणे जिल्ह्यातल्या मुळशी धरणात ते साठलं होतं. मुळा नदी खरं तर पूर्वेकडे वाहणारी. धरण नसतं तर हे पाणी पुण्यावरून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात गेलं असतं. पण 1927 पासून ते उलट दिशेला, कोकणातल्या भिऱ्याच्या वीजघरात उतरवलं जातंय.

नदीचं तोंड फिरवण्याचा हा खटाटोप कशासाठी? उंचीसाठी. सह्याद्री पूर्वेकडे हळूहळू उतरतो. पश्चिमेकडे मात्र कडाच तुटलेला. आणि वीजघराला पाण्याइतकीच त्याच्या घसरणीची गरज असते.

घरचाच हिशेब मांडू. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर, जमिनीपासून 10 मीटर उंच, हजार लिटरची टाकी आहे. तिचं सगळं पाणी खाली सोडून वीज केली आणि वाटेत काहीच वाया गेलं नाही, तरी 9 वॉटचा एलईडी दिवा जेमतेम तीन तास जळेल. तीच टाकी भिऱ्याच्या माथ्यावर, सुमारे 500 मीटरवर नेली, तर यंत्रातली गळती वजा जाता सव्वा युनिटच्या आसपास वीज मिळेल. तोच दिवा पाच दिवसांहून जास्त, रात्रंदिवस. पाणी तेवढंच, उंची पन्नासपट.

डोंगरावरून उतरणाऱ्या पोलादी नळांच्या तळाशी पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या पन्नासपट होतो. अरुंद तोंडातून ते सुटतं तेव्हा धारेचा वेग ताशी 350 किलोमीटरच्या घरात असतो. एवढी धार झेलायला लेस्टर पेल्टन या अमेरिकन कारागिरानं 1880 मध्ये पेटंट घेतलेलं चाक वापरतात. त्याच्या कडेनं जोडवाट्या बसवलेल्या असतात. दोन वाट्या शेजारी-शेजारी आणि मधे धारदार कणा. धार कण्यावर आपटून दुभंगते, वाट्यांच्या पोटातून वळसा घेते आणि आली त्या दिशेला परतते. चाक धारेच्या निम्म्या वेगानं फिरत असलं की परतणाऱ्या पाण्यात वेग जवळपास उरतच नाही. सगळा जोर चाकाला देऊन ते मरगळून खाली पडतं. तिथून ते आणखी एका छोट्या वीजघरातून जातं आणि मग राफ्टिंगवाल्यांच्या वाट्याला येतं.

चाकाच्या दांड्यावर चुंबक आणि भोवती तांब्याच्या तारांची वेटोळी. चुंबक हलला की तारेत वीज वाहते, हे मायकेल फॅरेडेनं 1831 मध्ये दाखवलं. चंद्रपूरचा कोळसा असो, तारापूरचं युरेनियम असो की साताऱ्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या, शेवटची क्रिया हीच. कोळसा आणि युरेनियम पाणी उकळून वाफेनं चाक फिरवतात, पवनचक्की वाऱ्यानं. छपरावरच्या सौर पॅनेलमध्ये तेवढं काहीच फिरत नाही.

मात्र पॅनेल संध्याकाळी झोपी जातं; नेमके तेव्हाच घरोघरी दिवे आणि एसी सुरू होतात. थंड पडलेलं कोळशाचं केंद्र पेटायला कित्येक तास लागतात. पाण्याला झडप उघडली की काही मिनिटं पुरतात. म्हणून जलविद्युत ही अडीअडचणीची वीज.

ती साठवताही येते. भिऱ्यातच 150 मेगावॉटचं एक यंत्र आहे, ते दोन्हीकडे फिरतं. वीज जास्त झाली की ते पंप होऊन खालचं पाणी पुन्हा मुळशीत चढवतं. टंचाई झाली की तेच पाणी उतरवून वीज करतं. अकोले तालुक्यात घाटघरला 250 मेगावॉटचा असाच प्रकल्प आहे. अशा ठिकाणी शंभर युनिट खर्चून पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. व्यवहार तोट्याचा दिसतो, पण दुपारची पडून असलेली वीज रात्री हाताशी येते.

हिशेबाची दुसरी बाजूही आहे. मुळशी धरणात मावळातली गावं आणि भातखाचरं बुडाली. त्याविरुद्ध 1921 मध्ये मुळशी सत्याग्रह झाला आणि पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले. घाटाखाली उतरलेल्या पाण्याला पूर्वेकडची कोरडी शेतं कायमची मुकतात, हा वाद कोयनेच्या पाण्यावरही आहे. एक टीएमसी पाणी 500 मीटर उतरवलं तर साडेतीन कोटी युनिटच्या आसपास वीज होते. तेवढ्याच पाण्यावर पिकलेल्या शिवाराचं मोल मात्र युनिटमध्ये मांडता येत नाही.

दुपारी कुंडलिकेतलं पाणी ओसरतं. बोटी दगडांवर टेकतात. सकाळी उतरलेलं पाणी तोवर रेवदंड्याच्या खाडीची वाट धरतं. तिथून ते पुन्हा मुळशीच्या माथ्यावर चढवायचं काम सूर्याचं. त्याचं बिल येत नाही, पण त्याची पाळी जूनमध्येच.