फळ्यावरचा आकडा

श्रोतेहो, कात्रप-बदलापूरच्या माणसाला ताज्या आकड्याची किंमत सांगायला नको. २०१९ च्या जुलैत उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ अडकली, हे आपण विसरलेलो नाही. अशा वेळी दोन तासांपूर्वीची पातळी ऐकून स्वस्थ बसणारा फसलाच म्हणून समजा!

कारखान्यातल्या संगणकी फळ्याचे, म्हणजे डॅशबोर्डचे, तसेच आहे. यंत्र मोजते आणि आकडा वेळेसह संगणकातल्या नोंदवहीत टाकते. फळा दर काही मिनिटांनी त्या वहीला विचारतो व नवे तेवढे उचलतो. माणसाचा हात लागत नाही. पण मधली तार तुटली, तर शेवटचा आकडा तसाच झळकत राहतो आणि पाहणाऱ्याला तो आताचाच वाटतो. एका कारखान्यात हजेरीचा फळा असा रात्रभर थिजला. सकाळी रात्रपाळीचे कामगार गैरहजर ठरले. पाळीच्या मुकादमाची वही पुढे ठेवून भांडलो, तेव्हा कुठे त्यांचा पगार सुटला.

म्हणून मागणी एवढीच : प्रत्येक आकड्याशेजारी त्याची वेळ असावी, आणि नवा आकडा वेळेवर न आल्यास जुना आपोआप पुसला जावा. कोरा फळा पाहून माणूस निदान चौकशी तरी करतो.