पृथ्वीगोलावरील शेत आणि बांधावरील शेत

हल्ली खेडोपाडी मोबाईलच्या पडद्यावर आपले शेत पाहण्याची सोय झाली आहे. गुगल अर्थ किंवा भारतीय अवकाश संशोधन संस्थेने २००९ साली सुरू केलेले ‘भुवन’ उघडले, की विहीर, गोठा, बांधावरची बाभूळ ही सर्व ओळखू येतात. २०२१ पासून ई-पीक पाहणीत उभ्या पिकाचे छायाचित्र घेताना त्या जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. हे साधन उपयुक्त आहे यात शंका नाही. परंतु त्यावरील आकडे कोणत्या पद्धतीने मोजलेले आहेत याची जाण नसल्यास त्यातूनच तंटे उभे राहतात.

समजा, गावातील एखाद्या जाणत्या तरुणाने गट नकाशाचे चित्र या पृथ्वीगोलावर बसविले आणि हद्दीची रेघ शेजाऱ्याच्या शेतात ४ मीटर आत पडली. बांध १०० मीटर लांब असला तर ही पट्टी ४०० चौरस मीटरांची, म्हणजे जवळजवळ चार गुंठ्यांची होते. चार गुंठ्यांसाठी भाऊबंदकी पेटण्यास वेळ लागत नाही. तथापि ही रेघ खरोखर कोठून आली, याचा विचार बांधाला कुदळ लावण्यापूर्वी व्हावयास हवा.

पृथ्वी पूर्ण गोल नसून ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. तिच्यावरील जागेला अक्षांश-रेखांश देण्यासाठी आधी तिचा एक आदर्श आकार मानावा लागतो व तो आकार कोठे बसवावयाचा हेही ठरवावे लागते. भारताच्या जुन्या सर्वेक्षणाने सर जॉर्ज एव्हरेस्ट यांचा १८३० चा आकार स्वीकारला आणि मध्य प्रदेशातील सिरोंजजवळील कल्याणपूर हे मूळ ठिकाण धरले. उपग्रहांच्या साहाय्याने स्थान सांगणारी अमेरिकेची जीपीएस पद्धती व गुगल अर्थ ही दोन्ही ‘डब्ल्यूजीएस ८४’ हा आकार वापरतात. त्याची विषुववृत्तीय त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर असून एव्हरेस्टच्या आकारापेक्षा ती सुमारे ८६१ मीटरांनी अधिक आहे. दोन्ही आकारांचे मध्यबिंदूही एका ठिकाणी नाहीत. परिणामी, जुन्या नकाशावरून उतरविलेले अक्षांश-रेखांश रूपांतर न करता आजच्या पृथ्वीगोलावर ठेवले, तर महाराष्ट्रात ती जागा १०० मीटरांहून अधिक सरकते. एवढ्या अंतरात छोट्या शेतकऱ्याची सबंध जमीन मावते.

गावच्या गट नकाशाची गोष्ट याहून निराळी आहे. मूळ मोजणी ३३ फुटी साखळीने झाली. एक साखळी लांब व एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, हा हिशेब जुन्या मंडळींना तोंडपाठ असतो. ती मोजणी गावापुरती, दगड, धुरे व वरंबे यांना धरून केलेली आहे. नकाशाच्या कागदावर अक्षांश-रेखांश नसतातच. तो पृथ्वीगोलावर बसविणारा माणूस दोन-चार खुणा जुळवून अंदाजाने बसवितो. खुणा चुकल्या की रेघाही चुकल्या. त्यात उपग्रहाचे छायाचित्रही काही मीटर इकडे-तिकडे असू शकते. गुगल अर्थमध्ये मागील वर्षांची चित्रे पाहण्याची सोय आहे. ती एकामागून एक उघडली असता एकच विहीर जागा बदलताना दिसते. विहीर काही चालत गेलेली नसते! शिवाय मोबाईलने दाखविलेल्या जागेत मोकळ्या आकाशाखालीही सुमारे ५ मीटरांचा फरक राहतो, व आंब्याच्या दाट सावलीत तो वाढतो. तेव्हा उपरोक्त ४ मीटरांची रेघ पुरावा म्हणून कोणी पुढे केल्यास ती मानू नये.

आकडे लिहिण्यातील चुका तर अधिक मौजेच्या, पण तितक्याच नुकसानीच्या आहेत. बोलताना आपण आधी अक्षांश व मग रेखांश सांगतो. गुगल अर्थमध्ये शेताची सीमा ज्या केएमएल नावाच्या फाइलमध्ये साठविली जाते, तीत मात्र रेखांश आधी लिहावा लागतो. पारनेर साधारण १९ अंश उत्तर व ७४.४ अंश पूर्व येथे आहे. हे आकडे उलटे पडले तर पारनेरचे शेत उत्तर ध्रुवाकडील नॉर्वेच्या बेअर बेटावर जाऊन बसते, जेथे बाजरी पिकण्याची आशा नाही. त्याचप्रमाणे १८ अंश ३० मिनिटे म्हणजे १८.३० नव्हे, १८.५० होय, या एका चुकीने जागा सुमारे २२ किलोमीटर दक्षिणेस जाते. दशांश पद्धतीत पाच स्थळे लिहावीत. पाचवे स्थळ सुमारे एक मीटर दाखविते. तीनच लिहिल्यास जागा शंभर मीटरांपर्यंतच नेमकी राहते.

क्षेत्रफळ काढताना आणखी एक दक्षता अगत्याची आहे. पुष्कळ नकाशांच्या पाठीमागे ‘वेब मर्केटर’ (क्रमांक ३८५७) ही पद्धती असते. ती विषुववृत्तापासून दूर जावे तसे सर्व काही फुगवून दाखविते. तिच्या मीटरांवरून सरळ हिशेब केल्यास पारनेरकडील एक एकर, म्हणजे ४० गुंठे, जवळजवळ ४५ गुंठे भरतो. ठिबकाच्या नळ्यांचा अथवा बियाण्याचा अंदाज त्यावर केला तर पैसा वाया गेलाच. गुगल अर्थमधील मोजपट्टी वक्र पृथ्वीवरून अंतर काढीत असल्याने तिच्यात हा दोष येत नाही. संगणकावर नकाशे करणाऱ्यांनी यूटीएम पद्धती घ्यावी. ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेस ४३ वा पट्टा (क्रमांक ३२६४३) व पूर्वेस ४४ वा (३२६४४) लागू होतो. अमरावती शहर ४३ मध्ये, तर नागपूर ४४ मध्ये येते; यवतमाळ जिल्हा मात्र दोहोंत विभागला आहे. पट्टा चुकला तर नागपूरची संत्राबाग गुजरातेत बारडोलीच्या आसपास दिसेल.

उंचीविषयी थोडक्यात एवढेच, की २००० साली अवकाशयानातून झालेल्या रडार मोजणीचे आकडे सुमारे ३० मीटरांवर एक असे आहेत. अशा आकड्यांवरून समतल बांधाची आखणी करू नये. ती लेव्हल यंत्राने वा ए-फ्रेमनेच करावी.

हद्दीबद्दल शंका असल्यास तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीसाठी अर्ज करावा. तेथील मोजणीदार रोव्हर यंत्र वापरतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कायम केंद्रांकडून त्यास दुरुस्ती मिळत असल्याने काही सेंटिमीटरांपर्यंत अचूक जागा कळते. मोजणीच्या दिवशी लगतच्या खातेदारांना हजर ठेवावे, जुन्या हद्दीचे दगड आधी उघडे करून ठेवावेत, आणि मिळालेल्या आकड्यांबरोबर पद्धतीचे नाव व पट्टाही लिहून घ्यावा.