चूक वैमानिकाची की खटक्याची?

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं. गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली. अमेरिकेची बी-१७ नावाची मोठ्ठी बाँबफेकी विमानं मोहिमेवरून परत येत. शत्रूच्या तोफा चुकवून आलेला, चांगला कसलेला वैमानिक विमान धावपट्टीवर अलगद टेकवी. आता सुटलो, असं वाटणारच ना? पण तेवढ्यात विमानाची चाकंच आत जात आणि विमान फरफटत पोटावर बसे! एकदा नाही, पुन्हा पुन्हा. शेरा मात्र ठरलेला : 'वैमानिकाची चूक.'

१९४३ च्या सुमारास अल्फॉन्स चॅपॅनिस हा तरुण मानसशास्त्रज्ञ याचा छडा लावायला बसला. त्याला एक गोष्ट खटकली. सी-४७ ही मालवाहू विमानं चालवणारे वैमानिकही माणसंच होती, तीही दमत होती. पण ती ही चूक करत नव्हती. मग त्याने वैमानिकांकडे बघायचं सोडलं आणि त्यांच्या पुढ्यातल्या खटक्यांकडे बघायला सुरुवात केली.

बी-१७ मध्ये चाकांचा खटका आणि 'फ्लॅप'चा खटका शेजारी शेजारी होते आणि दिसायला अगदी जुळे भाऊ! (फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग. उतरल्यावर तो वर घ्यायचा असतो.) दमलेला हात भलत्याच खटक्यावर पडे. सी-४७ मध्ये हे दोन खटके असे शेजारी नव्हतेच.

चॅपॅनिसने काय केलं ठाऊक आहे? चाकांच्या खटक्याला रबराचं छोटंसं चाक लावलं आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखा तुकडा. आता न बघताही बोटांना कळू लागलं. झालं, घोटाळा थांबला! वैमानिक तेच, विमानंही तीच. आजही मोठ्या प्रवासी विमानात चाकांच्या दांड्याची मूठ चाकाच्याच आकाराची असते.

वस्तू बनवण्याआधी ती वापरणाऱ्या माणसाकडे नीट बघायचं, या कामाला आता भारदस्त नाव मिळालं आहे : 'युजर एक्स्पीरियन्स डिझाईन', लाडाने 'यूएक्स'. डोनाल्ड नॉर्मन हे शास्त्रज्ञ १९९३ साली अ‍ॅपल कंपनीत गेले, तेव्हा 'युजर एक्स्पीरियन्स' हे शब्द त्यांनी आपल्या हुद्द्यातच घातले. त्याआधी १९८८ साली त्यांनी रोजच्या वापरातल्या वस्तूंवर एक पुस्तक लिहिलं. ढकलायचं की ओढायचं हे कळू न देणाऱ्या दाराला इंग्रजीत आता चक्क 'नॉर्मन डोअर' म्हणतात. दुकानाच्या काचेच्या दारावर 'ढकला' अशी पाटी असते ना? खरं तर दार उघडायला वाचावं का लागावं? आणि पाटी असूनही लोक ओढतातच!

आता जरा उठा आणि कॅल्क्युलेटर आणा. वरच्या ओळीत ७, ८, ९ आहेत. फोनवर मात्र वर १, २, ३. फोनची ही मांडणी कुणा साहेबाच्या मनात आली म्हणून झालेली नाही. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत बटणांच्या कितीतरी मांडण्या करून पाहिल्या : आडव्या दोन ओळी, उभ्या दोन ओळी, गोल चकतीसारखी. माणसांना बसवून नंबर लावायला सांगितले, लागलेला वेळ मोजला, चुका मोजल्या, शिवाय कुठली मांडणी आवडली तेही विचारलं. मग १९६३ साली बटणांचा फोन बाजारात आला.

आईबाबांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. हे रीतसर शिकता येतं. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाईन संस्था १९६१ पासूनची, तर मुंबईच्या आयआयटीतलं डिझाईन केंद्र १९६९ चं. पण सुरुवात करायला फी लागत नाही, कॉम्प्युटरही लागत नाही. तुमच्या दिवाणखान्यातला विजेच्या बटणांचा बोर्ड पुरे.

घरी नवखा पाहुणा आला की म्हणा, "काका, जरा पंखा लावता?" आणि मग गप्प बसा. हेच सगळ्यात अवघड! "अहो, ते नाही, त्याच्या शेजारचं" असं तोंडापर्यंत येईल, ते गिळायचं. पहिलं बोट कुठल्या बटणावर पडलं, काका वर पंख्याकडे बघून अंदाज घेत होते का, सगळं वहीत टिपा. असे पाच पाहुणे झाले की बहुतेक जण कुठे अडतात ते तुमचं तुम्हालाच दिसेल. एखादा पाहुणा ओशाळून म्हणेल, "मी बाबा वेंधळाच!" तेव्हा त्याला बी-१७ ची गोष्ट जरूर सांगा.

मग कागदाच्या छोट्या चिठ्ठ्यांवर चित्रं काढून बटणांशेजारी चिकटवा. (बोर्ड मात्र उघडायचा नाही हं! त्याला बिलकूल हात नाही.) पंख्याचं चित्र सोपं, पण खोलीत दोन ट्यूब असतील तर? खिडकीकडची कुठली, दाराकडची कुठली, हे इवल्याशा चित्रात कसं दाखवाल? आजीला चष्म्याशिवाय दिसेल का? पहिली चिठ्ठी बहुधा फसेल. मग दुसरी करा, कागदाला काय तोटा!

आणि हो, नव्या चिठ्ठ्यांची परीक्षा जुन्या पाच पाहुण्यांवर घेऊ नका. त्यांना उत्तर आधीच माहीत झालेलं असतं. वरच्या मजल्यावरच्या काकू चालतील, गावाहून आलेला मामा चालेल. धाकट्या भावंडाला तर आधी बोलवा, त्याला अजून वाचता येत नसेल तर फारच उत्तम.