उधारीच्या खात्यातील लाल ओळ

अंबरनाथ पूर्वेच्या आनंदनगर एमआयडीसीतील कारखान्यांना जॉबवर्क करून देणारा कारागीर असो की उल्हासनगरच्या बाजारात फर्निचर पोहोचवणारा सुतार, धंदा चालतो तो उधारीवर. माल आज, पैसे पुढच्या महिन्यात. नुकसान होते ते बहुधा गिऱ्हाईक बुडवतो म्हणून नव्हे, तर आपल्यालाच तारखेची आठवण राहत नाही म्हणून.

उधारी लिहून ठेवा, ही शिकवण आपल्याला नवी नाही. कुरआनच्या सूरह बकरातील 282 वी आयत मुदतीच्या देण्याघेण्याविषयी आहे. रक्कम लहान असो वा मोठी, ती मुदतीसह लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा आदेश त्यात आहे. आपले बांधव लिहितात, पण लिहिलेले वेळेवर डोळ्यांपुढे येत नाही. दोनशे नोंदींत मुदत संपलेल्या नऊ कोणत्या, हे शोधायला अर्धा दिवस जातो. येथे संगणक उपयोगी पडतो.

ज्यांनी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये खाती ठेवली आहेत, त्यांच्यासाठी ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’ ही सोय ॲक्सेस 2000 पासून उपलब्ध आहे. अर्थ साधा आहे : आपण अट सांगायची, ज्या नोंदीत ती पुरी होईल, तिचा रंग संगणक आपोआप बदलतो. मूळ आकड्यांना धक्का लागत नाही.

समजा, टेबलात पार्टीचे नाव, बिलाची तारीख, मुदत, बाकी आणि सवलत असे रकाने आहेत. त्यावरून एकाखाली एक नोंदी दाखवणारा ‘कंटिन्युअस फॉर्म’ तयार करावा. डिझाइन व्ह्यूमध्ये शिफ्ट दाबून ओळीतील सर्व चौकटी निवडाव्यात, म्हणजे केवळ एक रकाना नव्हे तर पूर्ण ओळ रंगेल. मग कंडिशनल फॉरमॅटिंग उघडून ‘एक्स्प्रेशन इज’ हा पर्याय घ्यावा आणि अट लिहावी : मुदत आजच्या तारखेच्या आधीची, आणि बाकी शून्यापेक्षा जास्त. रंग लाल. दुसरी अट : बाकी आहे आणि मुदत येत्या 7 दिवसांत संपते. रंग पिवळा. तिसरी : आपण स्वतः वाढीव वेळ दिली आहे. रंग हिरवा.

काहीजण हेच काम प्रोग्राम लिहून करू पाहतात आणि एकाऐवजी सर्व ओळी लाल झालेल्या बघून गोंधळतात. कारण अशा फॉर्ममध्ये चौकट एकच असते. तीच प्रत्येक ओळीत उमटते. प्रत्येक नोंद वेगळी तपासली जाते ती कंडिशनल फॉरमॅटिंगमध्येच.

तीन गोष्टी सांभाळाव्यात. एक, जी अट आधी खरी ठरते तिचाच रंग लागतो; म्हणून सवलतीची अट सर्वांत वर ठेवावी. दोन, मुदतीचा रकाना रिकामा राहिला तर ती ओळ कधीच लाल होणार नाही. सर्वांत मोठा धोका हाच. टेबलात तो रकाना सक्तीचा करावा. तीन, ‘आजची तारीख’ संगणकाच्या घड्याळातून येते. घड्याळ चुकले की रंगही चुकतो. ॲक्सेस 2007 पर्यंत तीनच अटी देता येत होत्या, 2010 पासून 50 देता येतात. पण दुकानाला तीन पुरेत. ज्यांचे खाते एक्सेलमध्ये आहे, त्यांनाही तेथे याच नावाची सोय मिळेल.

या तारखांना कायद्याचेही बळ आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म वा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेणाऱ्याने लेखी करार असल्यास ठरलेल्या तारखेला, पण माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे असतात. करार नसेल तर 15 दिवसांत. न दिल्यास राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे दाद मागता येते. मात्र हे संरक्षण उत्पादन करणाऱ्यांना व सेवा देणाऱ्यांना आहे, केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना नाही. उद्यम नोंदणी माल देण्याआधीच करून ठेवावी. कायद्यात उशिराबद्दल व्याजही आहे. पण व्याजापासून दूर राहणाऱ्या बांधवालाही आपली मुद्दल तारखेच्या पुराव्यानिशी मागता येते. वर्षाच्या जकातीचा हिशेब करताना येणे किती, हेही याच खात्यावरून कळते. त्यातील कोणती रक्कम धरायची, ते उलेमांना विचारावे.

शेवटी एक गोष्ट. लाल ओळ म्हणजे गिऱ्हाइकाची बेअब्रू करण्याचा परवाना नव्हे. त्याच सूरहमधील 280 वी आयत सांगते की, देणेकरी अडचणीत असेल तर त्याला हात मोकळा होईपर्यंत वेळ द्यावा. माफ केले तर अधिकच चांगले. दुसरीकडे, ऐपत असून टाळाटाळ करणे हा जुलूम आहे, असे प्रेषितांनी बजावले आहे. या दोघांतला फरक संगणकाला कळत नाही, आपल्याला कळतो. म्हणून हिरवा रंग ठेवला आहे. लाल ओळ दिसली की आधी फोन करून विचारपूस करावी. अडलेल्याची ओळ हिरवी करून नवी तारीख लिहावी आणि टाळणाऱ्याकडे बिल घेऊन जावे.