राजवाड्यातली पाच इंचांची रेघ

ऑक्टोबर १९४२. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या पत्नी एलिनॉर ब्रिटनच्या दौऱ्यावर आल्या आणि बकिंगहॅम राजवाड्यात उतरल्या. बाँबहल्ल्यात खिडक्यांच्या काचा फुटलेल्या, खोल्या थंडगार आणि न्हाणीघरातल्या टबाला पाच इंचांवर एक रेघ ओढलेली. इंधन वाचवायचे असल्याने गरम पाणी त्या रेघेच्या वर भरायचे नाही, असा दंडक होता. जेवणाची ताटे सोन्या-चांदीची होती; त्यांत वाढलेले अन्न मात्र रेशनच्या मर्यादेतलेच होते.

यात काही अंशी देखावा होता, हे मान्य करायला हवे. पण त्या देखाव्यामागे एक पक्की व्यवस्था उभी होती, म्हणूनच लोकांनी त्यावर विश्वास ठेवला.

युद्धापूर्वी ब्रिटन आपले निम्म्याहून अधिक अन्न परदेशातून आणत असे. जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजे बुडवू लागल्यावर टंचाई अटळ होती. पहिल्या महायुद्धात रेशनिंग येईपर्यंत १९१८ साल उजाडले होते आणि तोवर रांगा व असंतोष दोन्ही वाढले होते. हा धडा लक्षात ठेवून या वेळी ८ जानेवारी १९४० पासूनच लोणी, साखर आणि बेकन यांचे रेशनिंग सुरू झाले. जुलै १९४० मध्ये चहाची पाळी आली. माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे जेमतेम ५७ ग्रॅम!

पद्धत साधी होती. प्रत्येक कुटुंबाने एका ठराविक दुकानदाराकडे नाव नोंदवायचे आणि नोंदलेल्या ग्राहकांच्या संख्येनुसार दुकानदाराला माल मिळायचा. त्यामुळे दुकाने पालथी घालण्याचे कारण उरले नाही. मांसाची मर्यादा वजनावर नव्हे, तर किमतीवर ठरवली होती. स्वस्तातले मांस घेणाऱ्याच्या पिशवीत साहजिकच अधिक वजन पडे. पाव आणि बटाटे मात्र युद्ध संपेपर्यंत रेशनबाहेर राहिले. पोट भरायला काहीतरी मुबलक हवे, हे सरकारने ओळखले होते.

एप्रिल १९४० मध्ये अन्नमंत्री झालेले लॉर्ड वूल्टन हे मुळात मोठ्या दुकानांचा कारभार पाहिलेले गृहस्थ. त्यांच्या नावाने प्रसिद्ध झालेला भाज्यांचा 'वूल्टन पाय' हा पदार्थ लंडनच्या सॅव्हॉय या आलिशान हॉटेलच्या मुख्य आचाऱ्याने तयार केला होता. तो सर्वांना आवडला असे नाही. पण टंचाईतला स्वयंपाक हा राष्ट्रीय विषय झाला.

व्यवस्थेची खरी कसोटी मात्र नियम मोडणारा कोण आहे, यावर लागते. संगीतकार आणि अभिनेते आयव्हर नॉव्हेलो हे त्या काळी लंडनच्या रंगभूमीचे लाडके नाव. आपल्या रोल्स-रॉइस गाडीसाठी पेट्रोलचे नियम चुकवल्याच्या प्रकरणात १९४४ मध्ये त्यांना आठ आठवड्यांची शिक्षा झाली. अपिलात ती निम्मी झाली. तरी चार आठवडे त्यांनी तुरुंगात काढले. कायदा नावाकडे पाहत नाही, हा संदेश त्यातून गेला.

तरीही ही समता संपूर्ण नव्हती. उपाहारगृहात जेवायला कूपन लागत नसे, त्यामुळे पैसेवाल्यांना पळवाट होती. ओरड झाल्यावर १९४२ मध्ये तेथील जेवणाला पाच शिलिंगांची कमाल मर्यादा घालण्यात आली. त्याहून मोठी उणीव साम्राज्यात होती. १९४३ मध्ये बंगाल उपासमारीने मरत असताना धान्यासाठी जहाजे मिळावीत, अशी मागणी दिल्लीहून वारंवार झाली. चर्चिल यांच्या युद्ध मंत्रिमंडळाने ती बव्हंशी फेटाळली. त्या दुष्काळात आणि पाठोपाठच्या रोगराईत सुमारे ३० लाख माणसे दगावल्याचा अंदाज आहे. राजवाड्यातल्या टबापर्यंत पोहोचलेली रेघ कोलकात्याच्या पदपथापर्यंत पोहोचली नाही.

स्वतंत्र भारतावर अशी वेळ आली ती १९६५ मध्ये. पाकिस्तानशी युद्ध आणि अमेरिकी गव्हावरचे अवलंबित्व, अशा दुहेरी पेचात पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. ते आधी स्वतःच्या घरात पाळून पाहिले आणि मगच देशाला सांगितले, असे त्यांचे कुटुंबीय सांगत आले आहेत. अनेक घरांत सोमवारी संध्याकाळी चूल पेटेनाशी झाली.

युद्धकाळात सामान्य माणूस कमी खायला तयार होतो. आपल्या वाट्याचे दुसरा कोणी खात नाही, एवढी खात्री मात्र त्याला हवी असते. ही खात्री भाषणांनी मिळत नाही. ती मिळते रेशनच्या दुकानात, न्यायालयात आणि मोठ्यांच्या स्वयंपाकघरात.